दुसरे दार

कुंभकोणम्‌च्या मित्रांनी माझा माहितीपट दाखवण्याचे ठरवले, तेव्हा निमंत्रणात मानधनाचा उल्लेख नव्हता, प्रवासखर्चाचा ओझरता होता. दोन अटी मात्र ठळकपणे लिहिल्या होत्या. प्रदर्शन तळमजल्यावरच होईल. चित्रपट चालू असताना घराचे पुढचे आणि मागचे, असे दोन्ही दरवाजे उघडे राहतील.

दुसरी अट वाचून चित्रपट करणाऱ्या माणसाचे काय होते, हे व्यवसायाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. आमची सारी खटपट अंधारासाठी असते. खिडक्यांना काळा कागद, दारांना जाड पडदे, फटींत कोंबलेली फडकी, एवढे करूनही कोठून तरी उजेडाची तिरीप येते आणि सहा महिने खपून साधलेली सावली पडद्यावर राखाडी दिसते. मी फोनवर कुरकुर केली. यजमानीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “तुमचा चित्रपट थोडा फिकट दिसेल. आमच्या गावात तेवढे चालते.”

शुक्रवारी रात्री चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून निघणारी उळवन एक्सप्रेस पहाटे कुंभकोणम्‌ला सोडते. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधले हे गाव देवळांचे, पितळी भांड्यांचे, विड्याच्या पानांचे आणि गणितज्ञ रामानुजनचे. यजमानीणबाई घरात तंजावरी मराठी बोलतात. भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले, भाषा मात्र काही घरांतून टिकून राहिली. त्यांचे यजमान महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. दर दोन-तीन महिन्यांनी ही दोघे ओळखीच्या पन्नासेक माणसांना बोलावून घरी एखादा चित्रपट दाखवतात. तिकीट नाही, संस्था नाही, फलक नाही.

घर जुन्या पद्धतीचे, अरुंद आणि अतिशय लांब. पुढच्या ओट्यावर उभे राहिले, तर ओसरी, मधला चौक, माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडून थेट परसातली विहीर दिसते आणि तिच्यापलीकडे मागच्या बोळात उघडणारे दार. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर रामानुजनचे घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. तेही याच जातीचे.

शनिवारी दुपारी एक गृहस्थ चौकशीला आले. ते कोणत्या कार्यालयातून आले होते, हे येथे महत्त्वाचे नाही. असे गृहस्थ मला देशात अनेक ठिकाणी भेटलेले आहेत आणि बहुतेक जण सौजन्याने वागतात. हेही तसेच वागले. चित्रपटाचे नाव काय, भाषा कोणती, लांबी किती, त्यात धर्म, जात किंवा राजकारण आहे का, असे त्यांनी विचारले. माझा माहितीपट बंद पडत चाललेल्या एकपडदा चित्रपटगृहांतल्या यंत्रचालकांविषयी आहे, हे ऐकून त्यांना हायसे वाटले असावे. चित्रपट प्रमाणन मंडळाचा दाखला माझ्याजवळ होता. त्यांनी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले, कॉफी घेतली आणि ते गेले. किती माणसे येणार, ती कोठे बसणार आणि काही झाले तर बाहेर कशी पडणार, हे त्यांनी विचारले नाही.

यजमानीणबाईंनी पेला उचलला आणि म्हणाल्या, “पाहिलेत? कागद बघतात. घर बघत नाहीत.”

काशीरामन् रस्त्यावरच्या शाळेच्या इमारतीत १६ जुलै २००४ रोजी सकाळी आग लागली. मध्यान्ह भोजनाच्या चुलीची ठिणगी शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या, जिना अरुंद होता आणि लहान मुले वरच्या मजल्यावर छपराखाली बसलेली होती. ९४ मुले दगावली. कुंभकोणम्‌मध्ये हा आकडा कोणाला विचारावा लागत नाही. यजमानीणबाई त्या शाळेत शिकवत नव्हत्या, गावातल्या दुसऱ्या शाळेत होत्या. त्या दिवसाविषयी मी काही विचारले नाही आणि त्यांनीही आपणहून काही सांगितले नाही. मी फक्त पाहिले की दारातून कोणत्याही खोलीत शिरताना त्यांची नजर प्रथम पलीकडच्या भिंतीकडे जाते.

खटल्याचा निकाल लागायला दहा वर्षे गेली. ३० जुलै २०१४ रोजी तंजावरच्या न्यायालयाने २१ पैकी १० आरोपींना दोषी ठरवले आणि ११ जणांची सुटका केली. दोषींत शाळेच्या संस्थापकापासून स्वयंपाकिणीपर्यंत माणसे होती, शिक्षण खात्याचे काही कर्मचारी होते आणि इमारतीचा दाखला देणारा अभियंताही होता. संस्थापकाला जन्मठेप झाली. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती आधीच भोगलेल्या कारावासाइतकी कमी केली. या तपशिलात मला खटकते ते दाखल्याचे अस्तित्व. त्या इमारतीला कागद नव्हता असे नाही. कागद होता, मान्यता होती, तपासणीची पद्धत होती. फक्त कागदावरची इमारत आणि रस्त्यावरची इमारत यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती.

चित्रपटाचा माणूस म्हणून या गोष्टीशी माझा संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही पडला होता. त्याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे.

४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये धर्मादाय बाजार भरला होता. तिथे सिनेमा दाखवण्याची सोय होती. प्रक्षेपकाच्या दिव्यातील इथरने पेट घेतला आणि १२६ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही. सिनेमा दाखवणे हा विस्तवाशी खेळ होता आणि जगभरच्या सरकारांनी त्याकडे प्रथम त्याच नजरेने पाहिले. ब्रिटनचा १९०९ चा सिनेमॅटोग्राफ कायदा मुळात आगीपासून प्रेक्षकांचे रक्षण करण्यासाठी झाला. जागेला परवाना घ्यायचा, तो स्थानिक प्रशासनाने द्यायचा. मग एक गंमत झाली. लंडनच्या नगर परिषदेने परवान्यात रविवारी खेळ करू नये अशी अट घातली. बर्माँडसी येथील चित्रपटगृहाच्या मालकांनी न्यायालयात म्हटले की रविवारचा आणि आगीचा संबंध काय? न्यायालयाने परिषदेची बाजू उचलून धरली. परवाना देणाऱ्याला सुरक्षिततेपलीकडच्या अटीही घालता येतात, असे ठरले. वार ठरवता येतो, तर विषय का नाही? दोन वर्षांत, १९१२ मध्ये, ब्रिटनमध्ये चित्रपटांचे सेन्सॉर मंडळ उभे राहिले. आगीसाठी उघडलेल्या दारातून सेन्सॉर आत आला.

भारतात तो आडवळणाने आला नाही. १९१८ च्या कायद्यातच दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या. जागेला परवाना आणि फितीला दाखला. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे आली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५२ च्या कायद्याने ही जोडी कायम ठेवली. मात्र क्रम पाहण्यासारखा आहे. दुसरा भाग चित्रपटाच्या प्रमाणपत्राचा, तिसरा भाग जागेच्या परवान्याचा. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था झाल्याची खात्री पटल्याशिवाय परवाना देऊ नये, असे बारावे कलम सांगते. कलम चांगले आहे. पण तो भाग केंद्रशासित प्रदेशांपुरता. संविधानाने चित्रपटाला मंजुरी देण्याचे काम केंद्राच्या सूचीत ठेवले आणि चित्रपटगृहे राज्यांच्या सूचीत. राज्यांनी आपापले कायदे केले, मुंबईने १९५३ मध्ये, मद्रासने १९५५ मध्ये. अग्निशमन हे बाराव्या परिशिष्टानुसार नगरपालिकांचे काम मानले गेले, तरी तमिळनाडूत ते राज्य सरकारच्या खात्याकडे आहे. थोडक्यात, पडद्यावरचे पाहायला एकच डोळा आणि तो दिल्लीत. खोलीकडे पाहायला अनेक डोळे, त्यामुळे बहुधा कोणाचाच नाही.

नायट्रेटची फीत जाऊन आता सत्तर वर्षे होतील. माझा चित्रपट अंगठ्याएवढ्या यंत्रात मावतो आणि तो पेट घेत नाही. तरी कायद्याच्या व्याख्येत चलत्चित्र दाखवणारे कोणतेही उपकरण बसते. दुसरीकडे, ‘सार्वजनिक प्रदर्शन’ म्हणजे काय, हे १९५२ च्या कायद्याने स्पष्ट केलेलेच नाही. पन्नास मित्र घरात बसले तर ते खासगी की सार्वजनिक? तिकीट नसेल तर? शेजारी आपल्या पाहुण्याला घेऊन आला तर? २०२३ च्या दुरुस्तीने वयानुसार नवी वर्गवारी आणली, चित्रचौर्याला कडक शिक्षा ठेवली, प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत काढून टाकली. अपिलासाठीचा न्यायाधिकरणाचा मार्ग २०२१ मध्येच बंद झाला होता. यजमानांच्या माजघराचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

आणि येथे मला माझ्याच गोटाविषयी बोलले पाहिजे. २००४ हे वर्ष माहितीपट करणाऱ्यांच्या पिढीला वेगळ्या कारणासाठी आठवते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला. देशभरच्या चित्रपटकारांनी विरोध केला, अट मागे घ्यावी लागली. पण अनेक चित्रपट निवडीतच गळले. फेब्रुवारीत त्यांनी मुंबईतच ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. तो विजय होता आणि मला आजही तसेच वाटते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या छोट्या माहितीपटाच्या निमित्ताने १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वसेन्सॉरशिप वैध ठरवली होती. त्यानंतरच्या चौतीस वर्षांत चित्रपटकारांनी एवढ्या एकजुटीने क्वचितच आवाज उठवला असेल.

पुढची काही वर्षे आम्ही त्या उत्साहात चित्रपट कोठेही दाखवले. ग्रंथालयांत, कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत, कोणाच्या गच्चीवर, तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या वर्गात. चाळीसांच्या खोलीत शंभर माणसे दाटीवाटीने बसत, उरलेली जिन्यावर. जागा अपुरी पडली, याचा आम्हाला अभिमान वाटे. एका ठिकाणी मागचे दार उजेडासाठी बाहेरून कडी घालून बंद केल्याचे मला स्वच्छ आठवते, कारण ते मीच सुचवले होते. त्या खोलीत आम्ही अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर दोन तास चर्चा केली.

विकल्पच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २३ जानेवारी २००४ रोजी, कुंभकोणम्‌पासून शंभर किलोमीटरच्या आत, कावेरीच्याच काठी श्रीरंगम् येथे एका मंगल कार्यालयाला आग लागली. लग्नाच्या चित्रीकरणासाठी घेतलेल्या विजेच्या जोडणीतून ती लागल्याचे पुढे आले. वरासह पन्नासहून अधिक माणसे मेली. कॅमेऱ्यासाठी आणलेला दिवा आणि वर गवताचे आच्छादन. सहा महिन्यांनी चुलीची ठिणगी आणि वर गवताचेच आच्छादन. त्याआधी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाचा मंडप पेटला होता आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत बहुतांश मुले, दगावली होती. या तिन्ही जागी माणसे काहीतरी पाहायला, साजरे करायला किंवा शिकायला जमली होती. यातले एकही चित्रपटगृह नव्हते. चित्रपटगृहांत निदान वाळूच्या लाल बादल्या असत. तमिळ खेड्यांत सिनेमाच्या जागेला अजूनही ‘कोट्टगै’ म्हणजे खोपटे म्हणतात, कारण फिरत्या सिनेमाची ती खरोखरच शाकारलेली खोपटी असत. तरीही बादल्या तिथेही असत. माझ्या माहितीपटातल्या एका वृद्ध यंत्रचालकाला त्या बादल्या दर शुक्रवारी भरून ठेवण्याची इतकी सवय आहे, की चित्रपटगृह बंद पडल्यावरही त्याने ते काम सोडलेले नाही.

परवाना आला म्हणजे माणसे वाचली, असे मात्र म्हणता येत नाही. दिल्लीचे उपहार हे परवाना असलेले चित्रपटगृह होते. १३ जून १९९७ रोजी तिथे ५९ प्रेक्षक मेले. सज्जात जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट अडवली गेली होती आणि त्या खुर्च्यांनाही परवानगी होती. म्हणून माहितीपटांची सेन्सॉरमधून सुटका करा आणि त्याऐवजी प्रत्येक खोलीला दाखला घ्यायला लावा, असे मी म्हणणार नाही. त्यातून फक्त आणखी एक टेबल निर्माण होईल, आणि त्या टेबलावर काय घडते ते आपण जाणतो.

कुंभकोणम्‌च्या आगीनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, आणि देशातील शाळांना राष्ट्रीय इमारत संहितेच्या अग्निसुरक्षेच्या तरतुदी बंधनकारक केल्या. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा एक पाऊल पुढे जातो. इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला घ्यावा, असे तो म्हणतो. कायदा चांगला आहे. तो लागू असतानाच २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारात १४ जण आणि २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० अर्भके दगावली. सहामाही दाखला कोणाकडे असतो? मालकाच्या कपाटात. मंगल कार्यालयात जेवायला आलेल्या पाहुण्याला तो कधी दिसत नाही आणि पाहुणा मागतही नाही.

मला वाटते, उपाय त्या कपाटाबाहेर आहे आणि तो विशेष खर्चिक नाही. जिथे माणसे जमतात, अशा प्रत्येक खोलीच्या दारावर तिची क्षमता मोठ्या आकड्यांत रंगवलेली असावी, रेल्वेच्या डब्यावर असते तशी. तिच्यापुढे माणूस घेतला तर जबाबदारी यजमानाची, मग तो शाळेचा संस्थापक असो की माझ्यासारखा दिग्दर्शक. बाहेर पडण्याच्या वाटा किती आणि कोठे, हे कार्यक्रमाच्या आरंभी तोंडाने सांगावे. विमानात आपण हे निमूट ऐकून घेतो. आणि चित्रपट कायद्यात ‘सार्वजनिक प्रदर्शन’ याची व्याख्या करून ठरावीक संख्येपर्यंतच्या विनातिकीट प्रदर्शनांना प्रमाणपत्रातून वगळावे. सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आजही आहे आणि चित्रपट महोत्सवांसाठी तो वापरला जातो. मग दुपारी येणाऱ्या गृहस्थांना माझ्या चित्रपटात काय आहे हे विचारण्याचे कारण उरणार नाही. त्यांनी परसदारी एक फेरी मारली तरी पुरे.

हे बोलणे कुंभकोणम्‌मध्ये पोकळ वाटत नाही, याला आणखी एक कारण आहे. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहमच्या पर्वस्नानाला येथील तलावावर चेंगराचेंगरी झाली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. बारा वर्षांनी येणारे ते पर्व पुन्हा २०२८ मध्ये आहे. रविवारी सकाळी यजमानांनी मला तलावाभोवती फिरवले. काठावर सोळा मंडप आहेत. ते मला मंडपांची शिल्पे दाखवत नव्हते, रस्त्यांची रुंदी पावलांनी मोजून दाखवत होते.

पण शनिवारची संध्याकाळ राहिली.

बावन्न माणसे आली. जाजमे अंथरली होती, वयस्करांसाठी भिंतीलगत खुर्च्या होत्या आणि मधून हातभर रुंदीची वाट मोकळी सोडली होती. दिवे मालवण्याआधी यजमानीणबाई उभ्या राहिल्या. भाषण करतील असे मला वाटले. त्यांनी सर्वांना उभे राहायला सांगितले. ओट्याकडे तोंड असलेल्यांनी पुढच्या दाराने आणि उरलेल्यांनी विहिरीवरून मागच्या बोळात जायचे होते. नेहमीचे लोक चप्पल हातात घेऊन मुकाट निघाले. नवे होते ते हसले, मग तेही निघाले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला ठेचकाळलो. बाई हातात घड्याळ घेऊन चौकात उभ्या होत्या. एक मिनिट वीस सेकंद. मागच्या वेळेपेक्षा दहा सेकंद जास्त लागले, कारण बोळात कोणीतरी दुचाकी लावली होती. ती हलवली गेली आणि सगळे परत येऊन बसले.

चित्रपट फिकटच दिसला. बोळातल्या दिव्याचा पिवळा पट्टा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत होता आणि मध्येच एक मांजर त्या पट्ट्यातून चालत गेले. चर्चा तासभर रंगली. एका निवृत्त विजेच्या कारागिराने सर्वांत नेमका प्रश्न विचारला. चित्रपटातला म्हातारा बादल्या भरतो ते ठीक, पण त्याच्या केबिनला दार किती आहेत? मला आठवेना. मी त्या केबिनमध्ये अकरा दिवस चित्रीकरण केले आहे. रात्री झोपण्यापूर्वी संगणक उघडून सगळ्या चौकटी पाहिल्या. एकच दार होते, आणि बहुतेक दृश्यांत माझा कॅमेरा त्याच दारात तिपाईवर उभा होता.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत दुसऱ्या एका शहरातून प्रदर्शनाचे निमंत्रण आले. उत्साही तरुण मंडळी आहेत. त्यांनी लिहिले आहे की सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, पूर्ण अंधार करता येतो आणि दीडशे माणसे येतील. मी त्यांना होकार कळवला आणि जिना किती फूट रुंद आहे, दुसरे दार कोठे उघडते, असे विचारले. चार दिवस झाले. पोस्टरसाठी माझे छायाचित्र हवे आहे, असे त्यांचे उत्तर आले आहे.